मागच्या खोलीची लांबी

ही गोष्ट खोटी वाटली तर इथेच थांबा, माझी काही हरकत नाही. मलाही आधी खोटीच वाटली होती. पण जिच्याबाबतीत ती घडली ती संपदा माझी मावसबहीण आहे, आणि तिला मी ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ओळखतो. थापा मारणं तिला जमत नाही. जमलं असतं तर तिच्या धंद्यात एव्हाना ती बंगला बांधून बसली असती.

गेल्या वर्षीचा मे महिना.

जयपूर. विद्याधर नगरमधली एक चार मजली इमारत, तिसरा मजला. इमारतीचं नाव लिहिणार नाही. तिथे माणसं राहतात, त्यांच्या घरात लेकरंबाळं आहेत.

आणि वेळ म्हणाल तर... रात्र नव्हती. अमावस्या नव्हती, पाऊस नव्हता, कुत्रं रडत नव्हतं. रविवारची टळटळीत दुपार होती.

संपदा सिव्हिल इंजिनीअर आहे. नवरा उमाकांत सांगानेरकडच्या एका कॉलेजात शिकवतो, म्हणून ती दोघं अकोला सोडून जयपूरला गेली आणि तिथलीच झाली. सी-स्कीम नावाच्या भागातल्या एका ऑफिसात ती नोकरी करते. काम एकच. कुणी घर घ्यायला कर्ज मागितलं की बँक तिला पाठवते आणि ती ते घर मोजून येते.

दलाल सांगतो अठराशे फूट. त्यात जिना आला, लिफ्ट आली, गच्ची आली, चौकीदाराची खोलीही आली. संपदा आत जाते, भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजते आणि सांगते, पाय पसरायला जागा अकराशे फूट. त्यामुळे विकणारा तिच्यावर नाराज, घेणारा नाराज, दलाल तर तिचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करतो.

मोजायला ती शिकली वडिलांकडून. सुधाकरकाका अकोल्याला भूमी अभिलेखात मोजणीदार होते. त्यांची शिस्त कडक होती. टेपच्या एका टोकाच्या माणसाने आकडा मोठ्याने सांगायचा, दुसऱ्या टोकाच्या माणसाने तो परत म्हणायचा, आणि मगच लिहायचा. टेप मध्येच सोडून द्यायची नाही, कारण स्टीलची टेप सुटली की सपकन येते आणि बोट कापते. दुसऱ्या टोकाच्या माणसाने ती हातात धरून चालत यायचं. संपदाने हे सगळं तसंच उचललं. तिच्यासोबत असतो तो योगेश, पन्नाशीचा माणूस, दोन मुली कॉलेजात. त्यालाही तिने हीच सवय लावली होती.

आता खरी अडचण सांगतो, म्हणजे ती त्या फ्लॅटमध्ये का गेली ते कळेल.

मावशी गेल्यावर संपदा काकांना जयपूरला घेऊन आली. काकांची स्मरणशक्ती चाललीये. नावं विसरतात, वार विसरतात, ते सोडा. पण घर बदललं की त्यांचं सगळंच बिघडतं. रात्री बाथरूमला उठतात आणि आधीच्या घरात दार जिथे होतं तिथे चालत जातात. तिथे आता भिंत असते.

भाड्याचं घर म्हटलं की दर दोन वर्षांनी बिऱ्हाड हलतंच. प्रत्येक वेळी काका धडपडले. शेवटच्या वेळी कपाळ फुटलं, टाके पडले. तेव्हापासून संपदा त्यांच्या दाराबाहेर गादी टाकून पडायची. झोपायची म्हणवत नाही, कारण जरा खुट्ट झालं की उठून बसायची. दिवसभर लोकांची घरं मोजायची आणि रात्रभर बापाची पावलं ऐकायची. मी फोन केला की ती बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची. डोळा लागलेला असायचा.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आता यांचं घर बदलू नका."

आणि त्याच महिन्यात घरमालकाने घर सोडायला सांगितलं. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं.

म्हणून स्वतःचं घर हवं होतं. शेवटचं. जिथून काकांना पुन्हा हलवावं लागणार नाही असं.

विद्याधर नगरचा फ्लॅट रणजीत नावाच्या दलालाने दाखवला. मालक बेंगळुरूला, फ्लॅट बरीच वर्षं बंद, भाव आवाक्यातला. बाथरूम मागच्या खोलीला लागूनच. संपदाने मनात ती खोली काकांना देऊनसुद्धा टाकली.

टोकन देण्याआधी तिला घर मोजायचं होतं. तो तिचा स्वभावच. त्या रविवारी योगेश गावी लग्नाला गेला होता आणि उमाकांतला पेपर तपासायचे होते. ती काकांचीच जुनी टेप घेऊन एकटी निघाली.

रणजीतने खाली किल्ली दिली. वर आला नाही.

"आप देख लो मैडम. मैं यहीं हूँ, गाड़ी में ए.सी. चल रहा है."

तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या उन्हात कुणीही गाडीतच बसलं असतं.

कुलूप उघडून ती आत गेली. धूळ, बंद घराचा वास, वीज तोडलेली. नेहमीचंच. तिने सवयीने आधी बाल्कनी पाहिली. जयपूरमध्ये बंद घराची बाल्कनी म्हणजे कबुतरांचं माहेर. वरच्या बाल्कनीत कबुतरं, खालच्या बाल्कनीत कबुतरं...

या बाल्कनीत एकही नव्हतं. एक पीससुद्धा नव्हतं.

चला, साफसफाई वाचली, असं तिला वाटलं. थकलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं.

हॉल मोजला. टेपच्या टोकावर चप्पल ठेवायची, ओढत न्यायची, वाकून आकडा बघायचा, मोबाइलमध्ये टाकायचा. स्वयंपाकघर मोजलं. पुढची खोली मोजली. कंबर धरली होती, घामाने केस चिकटले होते. केव्हा एकदा संपतंय असं झालं होतं.

मग ती मागच्या खोलीत आली.

खिडकी बंद, आत अंधूक उजेड. रिकाम्या खोलीत पाऊल टाकलं की आवाज घुमतो. हजारो रिकाम्या खोल्यांत ती गेली आहे, तिला तो आवाज पाठ आहे...

इथे आवाज घुमला नाही. सामानाने भरलेल्या खोलीत बसतो तसा तो जागच्या जागी बसला.

ती थांबली नाही. टेपचं टोक समोरच्या भिंतीपाशी ठेवलं आणि उलट चालत दाराकडच्या भिंतीपर्यंत आली. टेप भिंतीला लावली, आकडा बघितला आणि सवयीने मोठ्याने म्हणाली,

"बाबांची खोली. लांबी अकरा फूट चार इंच."

आणि समोरच्या भिंतीपासून आवाज आला...

"बाबांची खोली. लांबी अकरा फूट चार इंच."

सावकाश. थकलेला, जरा बसका आवाज.

संपदाने आकडा मोबाइलमध्ये लिहिला.

हो, लिहिला! मला सांगताना तिच्या अंगावर काटा आला तो याच जागी. परतून आलेला आकडा लिहायचा, एवढीच तिच्या हाताला सवय. लिहून झाल्यावर तिला आठवलं की योगेश गावी गेलाय.

मग आठवलं, योगेशला मराठी येतच नाही.

तिने मान वर केली. समोर कुणी नव्हतं. भिंत, फिकट हिरवा रंग, कोपऱ्यात पोपडे. आणि मग तिला दिसलं की चप्पल तिच्या पायात आहे. या खोलीत ती टेपवर ठेवायची राहूनच गेली होती.

टेप जमिनीवर नव्हती. तिच्या हातातून निघून सरळ, ताठ, कमरेच्या उंचीवर समोरच्या भिंतीपर्यंत गेली होती.

तिकडचं टोक कशालाच अडकलेलं नव्हतं.

हातातली टेप सोडावी हेसुद्धा सुचलं नाही. अंगठा नकळत टेप गुंडाळायच्या खटक्यावर दाबला गेला. आता ती सपकन येणार म्हणून तिने डोळे मिटले...

टेप सपकन आली नाही.

हळूहळू आली. माणूस टोक धरून चालत येतो, त्या चालीने. सर्र... सर्र... सर्र... थोडीथोडी गुंडाळत तिच्या मुठीत आली. शेवटचा वीतभर भाग उरला, तेव्हा तिच्या बोटांना गार लागलं.

कसं कुलूप लावलं, कशी खाली आली, तिला आठवत नाही. रणजीतला तिने एवढंच विचारलं, "उस पीछे वाले कमरे में कौन रहता था?"

"पीछे वाले में?" रणजीतने किल्ली खिशात टाकली. "उसमें तो कोई रहा ही नहीं मैडम. स्टोर बना रखा था, वो भी बंद."

घरी येऊन तिने उमाकांतला सांगितलं. तो म्हणाला, "ऊन लागलंय तुला. किती रात्री झोपली नाहीस ते आठव." त्याचंही चुकलं नाही. तिलाही तसंच वाटायला लागलं, किंवा तसं वाटून घ्यायचं होतं. महिनाअखेर घर सोडायचं होतं. दुसरा फ्लॅट बघायला ना अंगात ताकद होती ना हातात दिवस. आतल्या खोलीत काका भिंत चाचपत होते, त्याचा आवाज येत होता.

"घर चांगलं आहे रे," ती म्हणाली. "बाबांसाठी खरंच चांगलं आहे."

मधल्या वारी ती परत गेली. या वेळी योगेश होता आणि ऑफिसचं लेझर मशीन होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. हे मोबाइलएवढं यंत्र असतं. बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि यंत्रावर अंतर येतं. दुसरं टोक धरायला माणूस लागत नाही. म्हणूनच तिने ते नेलं होतं.

भर सकाळ होती. योगेशने स्टँड उभा केला, त्यावर मशीन बसवलं आणि बटण दाबलं.

"दस फुट दो इंच, मैडम."

"अकरा चार आहे... मतलब, ग्यारह चार है. फिर से देखो."

त्याने परत बटण दाबलं. दहा फूट दोन इंच.

टेप खोटं बोलत नाही, लेझरही बोलत नाही. संपदाने भिंतीकडे पाहिलं. खोली अंधारी होती, ठिपका लख्ख दिसायला हवा होता...

भिंतीवर ठिपका नव्हताच.

लेझर जिथे आदळतं तिथपर्यंतचं अंतर दाखवतं. मध्ये खुर्ची आली तर खुर्चीपर्यंतचं. माणूस आला तर माणसापर्यंतचं.

योगेशने मशीन जरासं डावीकडे वळवलं. ठिपका भिंतीवर उमटला. अकरा फूट चार. उजवीकडे वळवलं. अकरा फूट चार. मधे आणलं की ठिपका गायब, आणि दहा फूट दोन.

एवढं झाल्यावर कुणीही शहाणा माणूस बाहेर पडला असता. पण संपदाने आयुष्यभर एकच काम केलंय. अडचण दिसली की ती मोजते. तिने योगेशकडून मशीन घेतलं, हळूहळू वरून खाली, इकडून तिकडे फिरवलं, आणि भिंतीपुढे जे काही होतं ते मोजून काढलं. रुंदी हातभर. उंची योगेशपेक्षा चार बोटं जास्त.

मोजून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आपण काय मोजलं ते.

तिने मशीन स्टँडवर ठेवून दिलं. मशीन चालूच होतं.

योगेशचं लक्ष आकड्यावर गेलं. बिचाऱ्याने सवयीने वाचलं, "दस फुट."

मग, "नौ फुट आठ."

मग... "नौ फुट."

स्टँड हलला नव्हता. मशीनला कुणी हात लावला नव्हता.

"साढ़े आठ..." योगेशचा आवाज एवढासा झाला. "मैडम, ये पास आ रहा है."

दोघं जिन्याने पळाले. मशीन, स्टँड, सगळं वर टाकून. लाखभराची वस्तू, पण परत जायची कुणाची हिंमत नव्हती. रणजीतला फोन केला तेव्हा त्याने बरीच टाळाटाळ केली आणि संध्याकाळी तो स्वतःच मशीन घरी घेऊन आला.

"अरे मैडम, आप भी! पैक करके दरवाज़े के पास ही तो रखा था."

स्टँड नीट मिटलेला होता. मशीन पुसून पिशवीत घातलेलं होतं, वरून चेन लावलेली.

संपदाने तो फ्लॅट सोडला. रणजीत चिडला, उमाकांतने काही विचारलं नाही. उमाकांतच्या कॉलेजजवळ सांगानेरमध्येच, कापड छपाईवाल्यांच्या गल्लीच्या मागे, घाईघाईत आणखी एक भाड्याचं घर घेतलं. पुन्हा खोकी, पुन्हा टेम्पो. सामान लावताना संपदा स्वयंपाकघरात बसून रडली. फ्लॅटची भीती तिला त्या दिवशी आठवतसुद्धा नव्हती. रात्रीची भीती वाटत होती. नवं घर, नव्या भिंती, आणि काका.

तिने दाराबाहेर गादी टाकली. खोलीला बाथरूम लागून नव्हतं, बोळातून जाऊन वळावं लागायचं. आज काही खरं नाही, असं म्हणत ती टेकली.

जाग आली तेव्हा ऊन तोंडावर आलं होतं.

ती धडपडत आत गेली. काका पलंगावर शांत बसले होते. कपाळ बघितलं, हात बघितले, गुडघे बघितले. कुठे ओरखडा नव्हता.

"बाबा, रात्री उठला नाहीत?"

"उठलो ना. दोनदा उठलो."

"मग मला हाक काहून नाही मारली?"

"तुला काहून? तू झोपली होतीस. त्यानं नेलं ना मला."

"कुणी? उमाकांतनं?"

काका हसले. हल्ली ते क्वचितच हसतात. तेव्हा संपदाला दिसलं की ते पलंगाच्या अगदी कडेला बसलेत. एरवी ऐसपैस मध्यभागी बसणारा माणूस. शेजारची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती...

आणि तिथली चादर दबलेली होती.

"उमाकांत नाही गं. हा. चांगला माणूस आहे, जास्त बोलत नाही. किती वर्षं उभाच होता म्हणे बिचारा, भिंतीला टेकून. म्हटलं, बस बाप्पा. बस आता."

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. काका त्या घरात एकदाही धडपडले नाहीत. रात्री उठतात, दिवा न लावता बोळातून वळून जातात आणि परत येतात. डोळे मिटलेले असतात, असं उमाकांत म्हणतो. त्याने एकदाच पाहिलं, पुन्हा बघायला गेला नाही. त्या खोलीत बोललं की आवाज घुमत नाही. पण खोलीत सामान आहे, नाहीच घुमणार. काकांचं विसरणं वाढलंय. परवा त्यांनी संपदालाच विचारलं, "आपण कुणाकडच्या?" पलंगावरची जागा मात्र ते रोज न चुकता मोकळी ठेवतात.

मी थंडीत जाऊन आलो. चार दिवस राहायचं म्हणून गेलो आणि दुसऱ्याच दिवशी अकोल्याची गाडी धरली. काकांच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेलो होतो. काका म्हणाले, "ये, पण तिकडून ये. तो झोपलाय." मी आत गेलो नाही.

निघताना संपदाला बाजूला घेतलं. म्हटलं, "हे बरं नाही. कुणाला तरी बोलाव, काहीतरी कर. नाहीतर काकांना माझ्याकडे पाठव."

ती दारात उभी होती. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती, अंग भरलं होतं. कित्येक वर्षांनी मी तिला नीट झोपलेली बघत होतो.

आतल्या खोलीकडे बघत ती अगदी हळू आवाजात म्हणाली,

"दादा, तो गेला तर रात्री कोण उठणार?"